रेघेच्या बाहेर अर्धा इंच

जालिंदर बनसोडे रेघेवर कधीच कापत नाही. रेघेच्या बाहेरून कापतो. अर्धा इंच बाहेरून. बावीस वर्षं तो शाळेचे गणवेश कापतोय, आणि बावीस वर्षांत हा अर्धा इंच त्याने एकदाही मोजलेला नाही. तो हातातच आहे.

त्या अर्ध्या इंचाला मार्जिन म्हणतात. शिलाई त्यात बसते. मार्जिन सोडलं नाही तर शर्ट अंगात जात नाही. दुसऱ्या कारखान्यांत पुठ्ठ्याचे फर्मेच मार्जिन धरून केलेले असतात. जालिंदरचे फर्मे नेमक्या मापाचे. "फर्म्यावर कशाला भरवसा? हात हाय की," असं तो म्हणतो. लांब टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, खडूने फर्मा आखायचा आणि मशीनचं पातं फिरवायचं. कारखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणतात. पोरगं समोर उभं केलं तर टेप न लावता माप सांगतो. "अठ्ठावीस." टेप लावून बघा, अठ्ठावीसच भरतं.

हा माणूस मे महिनाभर एका चौरसाशी भांडत होता. आणि हरत होता.

झालं असं की एक मेला निकाल लागला आणि त्याची एकुलती एक मुलगी बुद्धप्रिया पाचवीत गणितात नापास झाली. बाकी सगळं ठीक होतं. मराठीत तर वर्गात दुसरी. गणितात चार मार्क कमी. वर्गशिक्षिका अंकिता मॅडमनी पेपर दाखवला. बेरजा-भागाकार जेमतेम जमलेले. भूमितीचे बारा मार्क कोरे.

"जूनमध्ये फेरपरीक्षा आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यात पास झाली तर सहावी. नाही तर पुन्हा पाचवीत बसावं लागेल. आता नियमच आहे तसा."

पुन्हा पाचवीत. जालिंदर घरी येईपर्यंत तेवढेच दोन शब्द घोळवत होता.

तोही पुन्हा पाचवीत बसला होता. वैरागच्या शाळेत. त्याच वर्षी धाकटा भाऊ रत्नदीप चौथी पास होऊन त्याच वर्गात आला. गुरुजींनी दोघा भावांना एका बाकावर बसवलं. रत्नदीप हात वर करायचा, जालिंदर खाली बघायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत गेलाच नाही. सोलापुरात एका टेलरकडे काज-बटण करायला लागला. रत्नदीप आज माढ्याला हायस्कूलमध्ये शिकवतो. फोनवर अजून आदराने "दादा" म्हणतो. तो दादा म्हणाला की जालिंदरला तो बाक आठवतो.

"भावजींना बोलवा की चार दिवस," त्याची बायको प्रतिक्षा म्हणाली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. लहान मुलांचं तिला कळतं, नवऱ्याचंही कळतं. "मास्तर हायत ते."

"मी बी मास्तरच हाय."

"व्हय. बारा मार्काचे मास्तर."

"भूमिती म्हंजी काय गं? त्रिकोन, चौकोन, गोल. जल्मभर त्येच कापतोय की मी."

हे मात्र खरं होतं. म्हणून प्रतिक्षाने तो विषय सोडला. फक्त एवढंच विचारलं, "आणि तिचा ड्रेस कधी कापणार?"

सहावीसाठी मुलींना दुसऱ्या शाळेत जावं लागतं. तिथला गणवेश वेगळा. चौकड्यांचा शर्ट आणि त्यावर निळा पिनो, म्हणजे बिनबाह्यांचा फ्रॉक. त्या शाळेची ऑर्डर जालिंदरच्याच टेबलावर होती. रोज चाळीस पोरींचे शर्ट तो कापत होता.

"निकाल लागू दे," तो म्हणाला.

शिकवणी सकाळी सहाला सुरू व्हायची. नऊनंतर पत्रा तापतो आणि जालिंदरला कामावर जायचं असतं. पाण्याच्या दिवशी शिकवणी बंद, कारण नळ पाच दिवसांनी येतो आणि तेव्हा घरातली सगळी माणसं घागरींमागे असतात.

पहिला दिवस चौरसाचा. आठ सेंटिमीटर बाजू, परिमिती काढा. परिमिती म्हणजे चारी कडांची बेरीज, एवढं जालिंदरने पुस्तकात वाचून घेतलं होतं.

"वहीत काय कळतंय? हातात धरून बघ," म्हणून त्याने शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. लेकीच्या पट्टीने चौरस आखला. कातर चालवली. कापून झाल्यावर तुकडा उलटा करून तिच्यापुढे ठेवला. कापडाच्या उलट्या बाजूला आखायचं आणि सुलटी बाजू वर ठेवायची, ही सवय.

"मोज."

बुद्धप्रियाने पट्टी लावली. "साडेधा."

"आठ हाय."

"साडेधा हाय, पप्पा."

"पट्टी नीट धर की."

"तुमीच धरा."

त्याने धरली. साडेदहा. त्याने दुसरी बाजू मोजली. साडेदहा. तो पट्टीकडे संशयाने बघायला लागला.

"पट्टीच खोटी हाय. दहा रुपयाची असली आणत्यात."

संध्याकाळी नवी पट्टी आली. चांगली, स्टीलची. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या पट्टीनेही साडेदहा. बुद्धप्रियाने चार वेळा साडेदहा मिळवले, बेचाळीस आले. पुस्तकाच्या मागे उत्तर बत्तीस होतं.

"पुस्तकात चुकलंय," जालिंदर म्हणाला.

तीन दिवस तो असं म्हणत होता. सहा सेंटिमीटरचा चौरस कापला, तो साडेआठ भरला. पुस्तक तिथेही चुकलं. चौथ्या दिवशी त्याने ते तुकडे डब्याच्या पिशवीत घातले आणि कारखान्यात मल्लिनाथला दाखवले. मल्लिनाथ कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर बसतो. अक्कलकोटकडचा. खुशीत आला की कानडीत सुरू होतो.

त्याने तुकडा हातात घेतला. उलटा केला. मागे पेन्सिलची रेघ होती, चारी बाजूंनी कडेपासून अर्धा इंच आत. तो रेघेकडे बघत राहिला, मग जालिंदरकडे.

"एन्री मास्तर," तो म्हणाला, "मार्जिन कुणासाठी सोडलंय? चौरसाला चौरस शिवायचाय व्हय?"

मशीनवरच्या बायका हसल्या. जालिंदरने तुकडे पिशवीत टाकले आणि कटिंगचं मशीन सुरू केलं.

आता रेघेवर कापायचं, एवढंच तर होतं. दुसऱ्या सकाळी तो मांडी घालून बसला. पण कातर रेघेजवळ आली की आपोआप बाहेर सरकायची. त्याने पुन्हा केलं. पुन्हा सरकली. बुद्धप्रिया गालावर हात ठेवून बघत होती.

"मी कापू का?"

"काप."

तिने कापलं. सुरुवात रेघेवर, मध्ये आत, शेवटी बाहेर. असं कापणाऱ्या हेल्परला त्याने टेबलाजवळ उभं केलं नसतं. त्याने डोळे मिटले, उघडले. चौकोन तसाच होता.

"अगं सरळ. सरळ म्हंजी... सरळ गं."

"सरळच हाय की."

"हे सरळ हाय? हे गटार हाय आपल्या गल्लीतलं."

आतून प्रतिक्षा म्हणाली, "ओरडू नका. अंगणवाडीत मी अशी ओरडले तर पोरं दुसऱ्या दिवशी येत न्हाईत."

"ही कुटं जातीया? हितंच ऱ्हाती."

मग तिरप्या चौरसाचं प्रकरण. पुस्तकात एक चौरस कोपऱ्यावर उभा केलेला होता. हा चौरस आहे का? बुद्धप्रिया म्हणाली, नाही. पप्पाने का म्हणून विचारलं. ती म्हणाली, तुमीच म्हणता की, तुकडा तिरपा ठेवला की उरेब होतो, मग तो तुकडाच वेगळा.

जालिंदर थांबला. ती बरोबर बोलत होती. कापडावर फर्मा तिरपा टाकला की कापड ताणतं. सरळ कापलेला तुकडा आणि उरेब कापलेला तुकडा एक धरला तर ऑर्डर परत येते. तो विचार करून म्हणाला, "बरोबर हाय तुझं. न्हाय लिही."

पुस्तकाच्या मागे उत्तर होतं, "आहे".

त्या दिवशी त्याने पुस्तक मिटलं, ते जमिनीवर आपटलं आणि चहा न घेता कामावर गेला. गणिताचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात एक चड्डी तरी कापली होती का, असं त्याने मल्लिनाथला विचारलं. मल्लिनाथ म्हणाला, "मास्तर, कागद ताणत न्हाय वो." हे इतकं साधं होतं की जालिंदरला आणखी राग आला.

वर्तुळ मात्र जमलं. गोल गळा कापायचा असतो तसा त्याने कागद दोनदा दुमडला. चार पदर झाले. दुमडीच्या टोकापासून तीन सेंटिमीटरवर खुणा केल्या, पाव गोल आखला, आणि कातर बुद्धप्रियाच्या हातात दिली. तिने कापून उलगडलं. पुरा गोल. मधोमध दोन घड्या.

"ह्यो व्यास," ती घडीवरून बोट फिरवत म्हणाली. "आणि ही अर्धी घडी म्हंजी त्रिज्या. व्हय पप्पा?"

"व्हय," जालिंदर म्हणाला आणि आत वळून ओरडला. "अगं प्रतिक्षा, ऐकलंस का?"

तिथून गाडी पळाली. त्याने सगळं घडीवर शिकवलं. आयत घडीवर, दोन बाजू सारख्या असलेला त्रिकोण घडीवर. अर्धी आकृती काढायची, दुमडीच्या जागी तुटक रेघ, रेघेवर लिहायचं "घडी". कटिंगच्या वहीत असंच असतं. बुद्धप्रियाने भराभर वही भरली. जालिंदर रोज सकाळी वही बघायचा आणि मान हलवायचा. कुठे चूक नव्हती. बुद्धपौर्णिमेला खिरीची वाटी हातात घेऊन त्याने रत्नदीपला फोन केला आणि सांगितलं की तुझी गरज लागली न्हाय.

परीक्षेला दहा दिवस उरले तेव्हा अंकिता मॅडमनी मुलांना बोलावून एक सरावाचा पेपर घेतला. दुसऱ्या दिवशी जालिंदरला निरोप आला.

मॅडमनी पेपर पुढे ठेवला. "हे जरा बघा. मला काही कळत नाही."

तीन सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. बुद्धप्रियाने पाव काढलं होतं. दोन्ही सरळ कडांवर लिहिलं होतं "घडी". आठ बाय पाचचा आयत काढा, परिमिती लिहा. तिने चार बाय पाचचा काढला होता, एका बाजूला तुटक रेघ. परिमिती, तेरा.

जालिंदरने पेपर वरपासून खालपर्यंत बघितला. त्याच्या नजरेला एकही चूक दिसेना. घडीची बाजू कड नसते, म्हणून ती तिने मोजलीच नव्हती. चार, पाच, चार. तेरा. कापडाला लावलं असतं तर तुकडा बरोबर आला असता.

"मॅडम, हे उघडलं की बरोबर हाय," तो म्हणाला. "तेरा दुणे सव्वीस."

अंकिता मॅडम तरुण आहेत. त्यांनी पेपर पुन्हा आपल्याकडे ओढला.

"परीक्षेत उघडता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

घरी येताना त्याने सायकल हातात धरून आणली. ऊन एवढं होतं की सीटवर बसवत नव्हतं, पण तो त्यामुळे चालत नव्हता. दारातच त्याने सुरू केलं.

"अर्धं काढून आलीस? अर्धं? उघडणार कोण त्ये? मी शिवाय बसलोय का तितं?"

"तुमीच शिकवलं."

"मी काय शिकवलं? घडी उघडायची असती ही काय सांगाय लागतंय?"

"तुमी कुटं उघडता?" बुद्धप्रियाचा आवाज फाटला. ती उठली आणि फळीवरची त्याची कटिंगची वही घेऊन आली. पानं उलटायला लागली. "ह्यो बघा अर्धा शर्ट. ही अर्धी पाठ. ह्यो अर्धा पिनो. सगळे अर्धेच हायत. एक तरी पुरा दाखवा."

एकही पुरा नव्हता. बावीस वर्षांच्या त्या वहीत एकही शर्ट पुरा नव्हता. उरलेला अर्धा त्याला काढल्याशिवाय दिसत आला होता. तिला तो दिसत नसेल, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

ती रडत नव्हती. वही मिटून म्हणाली, "मला न्हाय जायचं सहावीत. पाचवीत बसते की. अंकिता मॅडम हायत तितं."

प्रतिक्षाने जालिंदरकडे बघितलं. बाकाची गोष्ट घरात फक्त तिलाच माहीत होती. आता सांगेल असं तिला वाटलं. त्याने सांगितली नाही. खाली बसला आणि पुठ्ठा पुढे ओढला.

"ये हितं," तो म्हणाला. "आजपासून घडी बंद. मार्जिन बी बंद. माझं बी आणि तुझं बी."

उरलेले दिवस दोघं रेघेवर कापत बसले. ती एक चौरस, तो एक चौरस. तो बाहेर सरकला की ती "सरकलं" म्हणायची. ती अर्ध्यावर थांबली की तो "उघड" म्हणायचा. आधी फिकट घडी काढायची, मग दुसरा अर्धा काढायचा, मग घडी खोडायची. ती वैतागायची. तो तिच्याहून वैतागायचा. एका सकाळी दोघं बोलेनासे झाले तेव्हा प्रतिक्षाने मध्ये कांदेपोहे आणून ठेवले आणि म्हणाली, "हे तरी पुरं खावा." चौथ्या दिवशी त्याची कातर पहिल्यांदा रेघेवरून सरळ गेली. पाचव्या दिवशी दहाच्या दहा चौरस बरोबर आठ भरले. हात शिकला होता.

त्याच दुपारी मल्लिनाथ त्याच्या टेबलाशी आला. हातात चौकड्यांच्या शर्टाची पाठ आणि पुढचे दोन भाग. तो हसत नव्हता, त्यामुळे जालिंदरने खडू खाली ठेवला.

"मास्तर, ही लॉट कितीची?"

"अठ्ठावीस."

"फर्मा लावून बघता का?"

जालिंदरने फर्मा लावला. कापडाची कड आणि फर्म्याची कड एक झाली. बाहेर काहीच उरलं नाही. चाळीस शर्ट. बावीस वर्षांत पहिल्यांदा जालिंदर बनसोडेने रेघेवर कापलं होतं.

त्याने टेबलाला हात टेकले. शेठ आतल्या खोलीत फोनवर बोलत होते.

"सव्वीसची ऑर्डर किती राहिलीया?" त्याने हळू विचारलं.

"पन्नास."

"लेबल बदल."

"आणि शेठ?"

"शेठला मी सांगतो. तू लेबल बदल."

मल्लिनाथने लेबलांचा डबा उचलला आणि मग मात्र त्याला हसू आवरेना. "अय्यो मास्तर, आमची पोरगी दहावीला गेली की तिला तुमच्याकडं शिकायला पाठवत न्हाय बघा. कारखाना बंद पडंल."

शेठ बोलायचं ते बोलले. अठ्ठावीसचे चाळीस थर त्याच संध्याकाळी पुन्हा अंथरले गेले, आणि जालिंदरने ते मार्जिनसकट कापले. यावेळी प्रत्येक कड टेपने मोजली.

घरी आल्यावर तो चटईवर आडवा झाला. बुद्धप्रिया वही घेऊन बसली होती. त्याने छताकडे बघत विचारलं, "एक गणित घालू?"

"घाला."

"अठ्ठावीसचा शर्ट हाय. कापताना मार्जिन सोडायचं राहिलं. शिवल्यावर कितीचा हुईल?"

तिने कागद घेतला नाही. हवेत बोट फिरवलं. "पाठ घडीवर असती. अर्ध्याला बगलेची एक कड. उघडल्यावर दोन. पुढचे दोन भाग, त्यांची एक-एक. चार कडा झाल्या." बोट थांबलं. "चार अर्धे दोन. सव्वीसचा हुईल."

जालिंदर उठून बसला. "काय म्हणालीस? पाठ काय केल्यावर?"

"उघडल्यावर." तिने त्याच्याकडे चमत्कारिक बघितलं. "असला शर्ट कुणी कापला?"

"हाय एक येडा," जालिंदर म्हणाला.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

परीक्षेच्या दिवशी तो अर्धी रजा टाकून शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. बुद्धप्रिया बाहेर आली तेव्हा तिची करंगळी पेन्सिलीने काळी झाली होती.

"वर्तुळ?"

"पुरं काढलं. आधी पाव काढलं, मग उघडलं."

"घडी खोडलीस?"

"खोडली. आयताची बी खोडली. उत्तर सव्वीस आलं नव्हतं, चौतीस आलं. आकडे येगळे होते."

"आणि कोन? कोनमापकाचा प्रश्न?"

"त्यो राहिला."

"का?"

"खोडण्यात येळ गेला की."

जालिंदरने कपाळावर हात मारला. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. घरी जाईपर्यंत त्याने खोडरबर या वस्तूविषयी बरंच काही सांगितलं. बुद्धप्रियाने ऐकून घेतलं आणि मधल्या गाड्यावर थांबून बर्फगोळा मागितला. त्याने तो घेऊन दिला. गोळा अर्धा झाल्यावर ती म्हणाली, "तिरपा चौरस पण आलता. हाय म्हणून लिहिलं. कागद ताणत न्हाय."

निकाल चार दिवसांनी लागला. पन्नासात बावीस. पास. अंकिता मॅडमनी पेपरच्या कोपऱ्यात बोट ठेवून दाखवलं. वर्तुळाच्या मधोमध एक पुसट रेघ राहिली होती, आणि नीट बघितलं तर तिच्यावर "घडी" वाचता येत होतं. पोरीने दाबून लिहिलेलं, पुरतं खोडलं गेलं नव्हतं.

"मी मार्क दिले," मॅडम म्हणाल्या. "वर्तुळ पूर्ण आहे."

जालिंदरने पेपर घडी करून खिशात ठेवायला मागितला. तो मिळत नसतो. मग त्याने तिथेच उभं राहून तो पुन्हा एकदा बघितला.

त्या संध्याकाळी उरलेल्या चौकड्यांच्या कापडातून दोन मीटर तो शेठला विचारून घरी घेऊन आला. प्रतिक्षाने जमीन पुसून दिली. कापड अंथरलं, दुमडलं. बुद्धप्रियाचं माप त्याला ठाऊक होतं, तीस, तरी त्याने टेप लावला. खडूने आखलं. कातर उचलली आणि रेघेच्या बाहेरून चालवली. चांगली बाहेरून.

ती वाकून बघत होती. मग जाऊन स्टीलची पट्टी घेऊन आली आणि कडेला लावली.

"पप्पा, ही अर्धा इंच न्हाय. एक इंच हाय."

"असू दे. आठवीपर्यंत चालाय पायजे. दरवर्षी उसवून सैल करू."

तिने चार कडांवरून बोट फिरवलं. ओठ हलले. "मग परिमिती लई वाढंल की."

"वाढू दे," जालिंदर म्हणाला. "हात काढ. कातर लागंल."